डेअरीतल्या पेटीचा शब्द

माझ्या वडिलांनी सगळ्या संसारात आईला एकच प्रश्न असा विचारला की जो विचारायला नको होता, आणि तो त्यांच्या तोंडी घातला दूध डेअरीतल्या एका पेटीनं. पेटी फार मोठी नव्हती. शिलाई मशीनच्या झाकणाएवढी. पांढरा पत्रा, पुढं काळी काच आणि काचेत लाल आकडे. आत काय होतं ते आज मी सांगू शकते. एक दिवा, त्याच्यासमोर उजेड मोजणारा एक डोळा, दोघांच्या मधून जाणारी दुधाची बारीक नळी आणि त्या उजेडावरून आकडा काढणारी नखाएवढी चिप. तेव्हा गावात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखं काहीतरी असतं आणि तो बारामतीत थंड खोलीत, चपला बाहेर काढून बघायचा असतो, एवढंच लोकांना माहीत. तो गपचूप आपल्या डेअरीच्या टेबलावर येऊन बसलाय आणि दिवसातून दोनदा आपल्या घराबद्दल निकाल देतोय, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आत चिप आहे हे मला ठाऊक होतं, पण ती आपल्या घराचा निकाल देतीय हे माझ्याही ध्यानात नव्हतं, आणि मी तर तेच शिकत होते.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवच्या अलीकडं. वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीनं सोडणारे. ज्याची पाळी त्याला पाणी, या एका गोष्टीवरून त्यांनी भल्याभल्यांशी वाकडं घेतलेलं. गावातले बागायतदार त्यांना तोंडावर तात्या म्हणायचे आणि पाठीमागं काय म्हणायचे ते आम्हाला माहीत होतं. घरी दोन एकर रान, त्यात थोडा लसूणघास, थोडी भाजी. आणि दोन म्हशी. म्हशी आईच्या. वडिलांना म्हैस हात लावू द्यायची नाही. आई गोठ्यात शिरली की मात्र दोघी माना वळवायच्या, आणि आई त्यांच्याशी जेवढं बोलायची तेवढं आमच्याशी कधी बोलली नाही.

डेअरी म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची पत्र्याची खोली. आमच्या वस्तीतून तिथं दूध घालणारं आमचं एकच घर. आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला, वडिलांना सरकारी नोकरी लागली, घरावर स्लॅब पडला, मी दहावीला तालुक्यात वर आले. सगळं झालं. पण डेअरीत आईची किटली शेवटची. ती सगळ्यात आधी जाऊन उभी राहिली तरी शेवटची. सेक्रेटरी गावाचं दूध आधी घ्यायचा. मग गावाचं काम संपल्यासारखं माप धुवायचा, गाळणं धुवायचा, फडक्यानं टेबल पुसायचा, आणि मग दाराकडं न बघता म्हणायचा, "हं, आण बाई तुझं."

गावातल्या बाकीच्या बायका त्याच्या वहिनी, काकू, मावशी. आई नुसती बाई, आणि तीही तू.

वडील एकदा यावरून भांडायला गेले होते. सेक्रेटरी हसून म्हणाला होता, "तात्या, कुणाचा तरी नंबर शेवटचा असणारच की. गर्दी कमी झाल्यावर निवांत घेतो म्हणून तुमच्याकडचं मागं ठेवतो." वडील परत आले ते चपला न काढताच ओट्यावर बसले. आई म्हणाली, "जाऊ द्या. म्हशीला काय ठावं आपली किटली कितवी हाय ते."

दूध तपासायची तेव्हाची पद्धत आम्ही लहानपणापासून बघितलेली. काचेच्या नळ्या, त्यात दूध, वरून तेजाब, मग त्या नळ्या एका चाकात घालून गरगर फिरवायच्या. वर पिवळी लोणकढी रेघ यायची, तिच्यावरून फॅट किती ते बघायचं. आमच्या म्हशींची साडेसहाच्या खाली कधी आली नाही. रेघ सगळ्यांना दिसायची. नळी उजेडात धरली की आईला सुद्धा समजायचं.

मग मी बारामतीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले आणि दुसऱ्या वर्षाला असताना डेअरीत पेटी आली. मी दिवाळीला घरी होते म्हणून तिचं आगमन मला बघायला मिळालं. टेबलावर नवा टॉवेल, पेटीला झेंडूचा हार, पत्र्यावर हळदकुंकू. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आलेला. त्यानं कपात दूध घेऊन नळीखाली धरलं, दांडा खाली दाबला, चुक्क असा आवाज झाला, आणि काचेत लाल आकडे उमटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन खुर्चीवरून उठून म्हणाले, "आता तेजाब न्हाय, नळ्या न्हाय, कुणाची वशिलेबाजी न्हाय. हितनं पुढं मशीन बोलंल ते खरं."

त्या दिवशी सगळ्यात जास्त खूश कोण झालं असेल तर माझे वडील. घरी येऊन त्यांनी चहा मागितला आणि आईला म्हणाले, "बघ, आता कुणाच्या हातात काय राहिलं न्हाय. मशीनला काय कळतंय, किटली कुणाच्या घरची हाय ते?"

हे वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं की होस्टेलवर जाऊन मी ते मैत्रिणींना सांगितलं.

पेटी आल्यावर आठवड्याभरात आमचं दूध उतरलं. साडेसहाच्या जागी पाच. मग चार-आठ, चार-सहा. सेक्रेटरी आकडा मोठ्यानं वाचायचा, कारण आता तसा नियम होता, सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. दूध घालून झालेली माणसं तिथंच पायरीवर गप्पा मारत बसलेली असायची. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी म्हणाला, "बाई, पाणी जरा बेतानं घालत जा." पायरीवरची माणसं हसली.

आई म्हणाली, "मी पाणी घालत न्हाय."

"मी कुठं म्हणतोय? मशीन म्हणतंय."

हे मला आईनं सांगितलं नाही. ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. तिनं काय केलं ते मी नंतर शेजारणीकडून ऐकलं. तिनं आधी स्वतःवरच संशय घेतला. किटली विसळल्यावर आत पाण्याचे थेंब राहत असतील म्हणून ती किटली कोरड्या फडक्यानं पुसून दुपारभर उन्हात पालथी घालायला लागली. म्हशीची कास धुतल्यावर पदरानं कोरडी करायला लागली. मग पेंड बदलली. घास कमी करून कडबा वाढवला. भिगवणहून जनावरांचा डॉक्टर आणवला. त्यानं दोन्ही म्हशी तपासल्या आणि म्हणाला, मावशी, जनावरं एकदम ठणठणीत आहेत, कशाला बोलावलंत? शेवटी ती शेजारणीला गोठ्यात नेऊन समोर बसवून धार काढायला लागली. साक्षीदार म्हणून! आपल्या गोठ्यात, आपल्या म्हशीखाली बसताना माझ्या आईला साक्षीदार लागायला लागला. शेजारीण किटलीबरोबर डेअरीपर्यंत चालत यायची. तिच्या देखत आकडा यायचा चार-सात. तिच्या साक्षीला कोण विचारतो? ती पण आमच्याच वस्तीतली.

महिनाभरानं एका संध्याकाळी दूध परतच आलं. म्हशीच्या दुधाला पाचाच्या वर फॅट पाहिजे असं ठरलेलं होतं. रोज कमी लागते म्हणून चेअरमननी सांगितलं, घेऊ नका, सगळ्या टाकीची प्रत जाते. आई भरलेली किटली डोक्यावर घेऊन गावातून परत आली. जाताना लोक बघत नाहीत, येताना बघतात. कारण डेअरीतून भरलेली किटली परत येत नसते.

त्या दिवशी वडिलांनी विचारलं. हे मात्र आईनंच मला सांगितलं, पुष्कळ वर्षांनी. वडील ओट्यावर बसलेले, ती किटली उतरवत होती, आणि ते खाली बघून म्हणाले, "कधी चुकून घातलं न्हाईस ना?"

आई त्यांच्याशी सोळा दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. दूध घरात राहायला लागलं. तिनं तूप काढलं, खवा केला, वस्तीत वाटलं. म्हैस काही थांबत नाही. सकाळ-संध्याकाळ किटली भरतच होती.

दोन-तीन दिवस असं झाल्यावर ती परत डेअरीत जायला लागली. सेक्रेटरी कधी घ्यायचा, कधी परत पाठवायचा. त्याच दिवसांत मी सुट्टीला आले. घरात दोघं न बोलता वावरताहेत हे मला लगेच जाणवलं. मी आईला खोदून विचारलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की फॅट कमी लागतीय. आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू शिकतीस ना त्यातलं? ते मशीन चुकतंय का बघ की."

मी काय म्हणाले ते लिहायला आजही नको वाटतं. मी म्हणाले, "आई, त्यात मायक्रोप्रोसेसर असतो. तो चुकत नाही. माणूस चुकतो."

मला तेव्हा कॉलेजात नुकतं मायक्रोप्रोसेसरचं किट हाताळायला मिळालं होतं. हिरव्या पाटीवर चिपा, बाजूला बटणं, वर लाल आकडे. डेअरीतल्या काचेतले आकडे मी बघितले तेव्हा मला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं. पेटीच्या आतला माणूस आपल्या बाजूचा, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आईनं पदर खोचला. मग म्हणाली, "व्हय का. बरं." आणि गोठ्यात गेली.

वडिलांनी एकदा विचारलं. मी विचारलंसुद्धा नाही, मी सरळ निकाल दिला.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर डेअरीत गेले. रांग झाली, सगळ्यांचं दूध घेऊन झालं. सेक्रेटरीनं माप धुतलं, गाळणं धुतलं, टेबल पुसलं. मग एका मगात पाणी घेऊन त्यानं पेटीच्या नळीखाली धरलं आणि दांडा चार-पाच वेळा दाबला. चुक्क, चुक्क, चुक्क. मग, "हं, आण बाई तुझं." आईचं दूध कपात घेतलं, दांडा दाबला. चार-सात. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं, एक हात अंतरावरून. आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

बारामतीला परत गेल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. रंगीत पाण्यातून दिव्याचा उजेड जाऊ द्यायचा, पलीकडं तो मोजायचा आणि किटवर आकडा वाचायचा. एक नळी संपली की धुवायची, दुसरं द्रावण भरायचं. माझा आकडा सारखा कमी यायचा. मी वायर बदलली, दिवा बदलला, चिप दाबून बसवली. शेवटी सर आले. त्यांनी विचारलं, "नळी धुतलीस ना? मग पहिलं रीडिंग कमीच येणार. आत धुण्याचं पाणी राहिलेलं असतं. पहिली दोन सोडून दे, तिसरं लिही."

मी वहीत तसं लिहून घेतलं. दोन ओळी पुढं गेले, आणि माझा पेन थांबला.

तो मग. ते पाणी. चुक्क, चुक्क, चुक्क.

मी सरांना मधेच विचारलं, "सर, दुधाची फॅट काढायचं इलेक्ट्रॉनिक मशीन असतं, त्याचंपण असंच असतं का?" ते म्हणाले, असंच असणार, उजेडाचंच काम आहे, पण त्याचं पुस्तक बघायला पाहिजे. मी प्रॅक्टिकल अर्धं टाकून खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं भिगवणला आणि तिथनं जीपनं गावात. सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गावातल्या कुणाच्याच दुधाच्या आधी तो मशीन धुवत नव्हता. फक्त आमच्या.

घरी न जाता मी आधी डेअरीत गेले. खोली उघडी होती, सेक्रेटरी वही लिहीत बसलेला. मी मशीनचं पुस्तक मागितलं.

"कशाला पाहिजे?"

"कॉलेजात लागतंय."

"इंग्रजीत हाय ते. आमाला कुठं कळतंय." त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि मग टेबलाच्या पायाकडं बोट दाखवलं. फरशी खालीवर होती म्हणून टेबल डुगडुगायचं. एका पायाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं पुस्तक, घडी घालून. पिशवीचं सील तसंच होतं. मी टेबल उचलायला लावलं, पुस्तक काढलं आणि तिथंच उभी राहून वाचलं. माझं इंग्रजी तेव्हा फार मोठं नव्हतं, पण ती सूचना चौकटीत, जाड अक्षरात होती. मशीन पाण्यानं धुतल्यावर दर वेळी पहिली दोन रीडिंगं धरू नका.

मी म्हणाले, "तुम्ही सकाळी मशीन सुरू करताना काय करता?"

"दोन कप दूध तसंच काढून टाकतो. इंजिनिअरनं सांगितलंय. मग खरा आकडा येतो."

"मग आमच्या दुधाच्या आधी मशीन धुता, तेव्हा का काढत नाही?"

त्यानं वही मिटली. त्याला खरंच कळलं नव्हतं की कळूनही तो गप्प होता, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. तो म्हणाला, "ते सुरू करताना करायचं असतंय. मला तेवढंच सांगितलंय."

संध्याकाळी आईबरोबर मी डेअरीत जाऊन उभी राहिले. आईला मी वाटेत सगळं सांगितलं होतं. ते ऐकून ती पावलं जोरात टाकायला लागली होती. रांग नेहमीसारखी. चेअरमन बाहेर खुर्ची टाकून बसलेले. सगळ्यांचं झालं, सेक्रेटरीनं नेहमीसारखं माप धुतलं आणि मग मगाला हात घातला. क्षणभर थांबला. मी म्हणाले, "धुवा की. रोज धुता तसं धुवा."

त्यानं धुतलं. आईचं दूध कपात घेतलं. चार-सहा.

"परत घ्या," मी म्हणाले. "त्याच किटलीतलं."

"एकदा घेतलं की झालं."

"परत घ्या." माझा आवाज इतका चढला की बाहेरची माणसं दारात आली.

दुसऱ्यांदा दांडा दाबला. सहा-दोन. कुणीतरी म्हणालं, आरं? तिसऱ्यांदा सहा-सात. चौथ्यांदा सहा-आठ. पाचव्यांदा सहा-आठ.

मी सेक्रेटरीला म्हणाले, "आता मशीन परत धुवा आणि चेअरमनांच्या घरच्या किटलीतलं घ्या." ती किटली अजून कोपऱ्यात होती, तळाला थोडं दूध राहिलेलं. चेअरमन आत आले. "हे काय चाललंय?" पण लोकांना आता बघायचं होतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "घे रं, घे. कळू दे काय ते." सेक्रेटरीनं मशीन धुतलं, कप भरला, दांडा दाबला. थोड्या वेळापूर्वी ज्या दुधाला सात लागली होती, त्याच दुधाला लाल आकडे आले: चार-नऊ.

आणि चेअरमन ताडकन म्हणाले, "मशीन बिघडलंय."

इतक्या वर्षांनीही हे वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांच्या दुधाला चार-नऊ आली, तर मशीन बिघडलंय. माझ्या आईच्या दुधाला चार-सहा आली, तर तिनं पाणी घातलंय. तोच दिवा, तीच नळी, तीच चिप. एका कपात, एका दमात मशीन बिघडतं. आणि आमच्या कपात दीड महिना, रोज दोन वेळा, ते धडधडीत खरं बोलत होतं!

मी काहीतरी बोलणार होते, पण आई पुढं झाली. ती आयुष्यात चेअरमनशी सरळ बोललेली नव्हती. ती म्हणाली, "मशीन बिघडलेलं न्हाय, चेअरमन. त्याला तुमी माझ्याआधी पाणी पाजता. मग ते पाणीच सांगणार. मी पाणी घातलं न्हाय. पाणी तुमी घातलं."

चेअरमन म्हणाले, "बरं बरं, झालं गेलं. मुद्दाम कुणी केलंय का?" आणि खुर्चीकडं गेले.

मुद्दाम. हा शब्द मला तेव्हापासून चावतो. मशीननं मुद्दाम काही केलं नव्हतं. चिप बनवणाऱ्यानं केलं नव्हतं. कंपनीनं सूचना चौकटीत छापली होती. सेक्रेटरी म्हणणार, मी तर स्वच्छता पाळली. चेअरमन म्हणणार, मी तर आकडा बघून निर्णय घेतला. आणि तरी आमच्या आजोबांच्या वेळची ती जुनी रांग त्या नळीतून आत शिरली आणि काचेतून फॅट होऊन बाहेर आली. माझ्या वडिलांना वाटलं होतं मशीनला किटली कुणाची ते कळत नाही. बरोबर होतं त्यांचं. मशीनला कळत नव्हतं. पण ज्या माणसानं ते धुतलं त्याला कळत होतं, आणि मशीन मुकाट त्याच्या हाताचं ऐकत होतं. वर त्याला आकड्याचं पुण्य चिकटलेलं. काचेच्या नळीतली रेघ आईला दिसायची, ती बोट दाखवून भांडू शकत होती. या पेटीत बोट कुठं दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई लवकर गेली. मीही गेले, मला तिला एकटी पाठवायची नव्हती. आमच्या आधी दोनच माणसं आली होती. आईनं किटली त्यांच्या मागं, पायरीवर ठेवली आणि तिथंच उभी राहिली. गावातल्या बायका आल्या, त्यांनी किटल्या आईच्या पुढं नेऊन ठेवायला सुरुवात केली, नेहमीच्या सवयीनं. आईनं एकीची किटली कानाला धरून उचलली आणि आपल्या मागं ठेवली. "माझा तिसरा नंबर हाय."

ती बाई सेक्रेटरीकडं बघायला लागली. सेक्रेटरी म्हणाला, "अगं बाई, तुझं निवांत घेतो की मागनं."

"मला निवांत नको. मला तिसरं पायजे."

कुणीतरी पुटपुटलं. कुणीतरी हसलं. पण सेक्रेटरीनं तिसरं दूध तिचंच घेतलं, कारण आदल्या संध्याकाळचं सगळ्या गावानं बघितलं होतं आणि मी पुस्तक हातात घेऊन दारात उभी होते. सहा-आठ. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला नाही. आई म्हणाली, "वाच की." त्यानं वाचला.

दोन घरांनी त्यानंतर आमच्या गावच्या डेअरीत दूध घालायचं बंद केलं आणि ते शेजारच्या गावाला न्यायला सुरुवात केली. आईला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, जाऊ देत, रांग लहान झाली.

वडिलांचं काय झालं ते पण सांगितलं पाहिजे. आईनं त्यांच्याशी बोलणं सुरू केलं होतं, पण मोजकं. मी त्यांना डेअरीतली सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते उठले, गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावून बघितलं तर म्हशीच्या पाठीवरचं शेण पाण्यानं धूत होते आणि ती त्यांना लाथ मारायच्या बेतात होती. आई म्हणाली, "सोडा, तिला सवय न्हाय तुमची." ते म्हणाले, "मी चुकलो." आई म्हणाली, "ते मला ठावं हाय." तेवढंच. तिनं त्यांना माफ केलं का, मी कधी विचारलं नाही. मला केलं का, तेही नाही. "तो चुकत नाही, माणूस चुकतो" असं मी म्हणाले होते, ते तिनं पुन्हा कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

मी डिप्लोमा पुरा केला आणि अशाच पेट्या दुरुस्त करायच्या कामाला लागले. तोवर त्या सगळीकडं शिरल्या होत्या. साखर कारखान्याच्या काट्यात, एसटीडीच्या बूथवर मिनिटं मोजणाऱ्या डब्यात, दवाखान्यात, पोस्टात. लोक आकडा उमटला की मान खाली घालायचे. मी जिथं जाईन तिथं टेबलाच्या पायाखाली बघायचे. पुस्तक मिळालं की त्यातल्या चार सूचना मराठीत लिहून पेटीवर चिकटवायचे. कंपनीचे साहेब एकदा म्हणाले, "हे तुमचं काम नाही, पत्रा खराब दिसतो." मी म्हणाले, दिसू दे. ते चिडले, मीही चिडले, आणि ती नोकरी वर्षभरातच सुटली. दुसरी मिळाली.

ती दुसरी नोकरी चालू असताना एकदा भिगवणच्या स्टँडवर सेक्रेटरी भेटला. आता जरा थकलेला, हातात पिशवी. त्यानं मला चहा पाजला. म्हणाला, "तू शिकलीस म्हणून बरं झालं बघ, न्हायतर आमाला काय कळत होतं? मी सगळ्यांना सांगतो, आपल्या गावच्या पोरीनं मशीनची चूक काढली."

मी म्हणाले, "मशीनची चूक नव्हती."

"बरं, तसं म्हण."

"मला नका सांगू. आईला सांगा. आई घरीच असते. जाऊन सांगा की तुझं चुकलं नव्हतं, माझं चुकलं."

त्यानं बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं. इंदापूरची गाडी लागली होती. "जाईन कधीतरी," तो म्हणाला आणि गाडीत चढला. खिडकीत बसून त्यानं मला हात केला. मी केला नाही.

आमच्या घरी तो आला नाही. आमचं घर डेअरीपासून चालत दहा मिनिटांवर आहे.